‘काही नाही’ म्हणणाऱ्या मुलांचे काय?

जुलै-ऑगस्टचे दिवस असतात. शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झालेला असतो. तास चालू असताना शिपाई एक कागद घेऊन वर्गात येतो. सर कागदावर नजर टाकतात आणि म्हणतात, “एससीवाले उभे राहा रे. शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचेत.” पाच-सहा मुले उभी राहतात. एखादा उठायला वेळ लावतो, तर मागच्या बाकावरून आवाज येतो, “सर, हा पण आहे!” वर्ग हसतो. सरही हसतात. मिनिटभरात सगळे संपते आणि पुन्हा गणित सुरू होते.

त्या मिनिटाच्या आधी तो मुलगा वर्गात चांगली गोलंदाजी करणारा म्हणून ओळखला जात होता. त्यानंतर तो ‘हा पण’ होतो. संध्याकाळी आई विचारते, “आज काय झालं शाळेत?” तो म्हणतो, “काही नाही.”

हे संपादकीय त्या ‘काही नाही’बद्दल आहे.

मुलांच्या मानसिक आरोग्यावर सध्या पुष्कळ बोलले जाते, आणि ते चांगलेच आहे. वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, शाळांमधली व्याख्याने, पालकांचे व्हॉट्सअ‍ॅप गट, सगळीकडे मोबाइलचे व्यसन, परीक्षेचा ताण, गुणांची स्पर्धा आणि आईवडिलांना नसलेला वेळ यांची चर्चा असते. या चिंता खोट्या नाहीत. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपवले. म्हणजे दिवसाला सरासरी पस्तीसहून अधिक.

पण या चर्चेतला मूल कोण असतो, ते जरा निरखून पाहा. त्याला स्वतःची खोली असते, स्वतःचा मोबाइल असतो, त्याला क्लासला सोडायला गाडी असते. त्याचे दुःख खरे असेल, पण देशातल्या सगळ्या मुलांचे दुःख म्हणून तेच एक मांडले जाते. वस्तीतले, तांड्यावरचे, पालावरचे, वसतिगृहातले मूल या चर्चेत येत नाही. आले तरी ‘गरीब’ म्हणून येते, ‘वंचित’ म्हणून येते. त्याची जात कुणी उच्चारत नाही. गुन्हे नोंद विभागाच्या त्या वार्षिक अहवालात आत्महत्या करणाऱ्याचे शिक्षण, व्यवसाय, वैवाहिक स्थिती, उत्पन्न यांचे तक्ते असतात. जातीचा तक्ता नसतो. शाळेच्या दाखल्यापासून नोकरीच्या अर्जापर्यंत प्रत्येक कागदावर जात विचारणाऱ्या या देशाला नेमके मरणाच्या नोंदीत जात विचारावीशी वाटत नाही.

मूल जातीला पहिल्यांदा भेटते ते बहुतेक वेळा शाळेत. घरात ते नुसते मूल असते. शाळेत गेल्यावर कळते की आपण आणखीही काही आहोत. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावाला बसायला घरून गोणपाट न्यावे लागे आणि संध्याकाळी ते परत घरी आणावे लागे, कारण शाळेचा नोकर त्याला हात लावत नसे. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. शिपाई नसला तर तहान तशीच. १९०१ च्या उन्हाळ्यात भाऊ आणि भाच्यांसोबत मसूर स्थानकावर उतरून वडिलांकडे जाताना रात्रभर बैलगाडीत पाण्याविना काढलेला तो प्रवास बाबासाहेब आयुष्यभर विसरले नाहीत.

“ते दिवस गेले,” असे म्हणणारे आपल्याला रोज भेटतात. त्यांच्यासाठी अलीकडच्या काही तारखा. सप्टेंबर २०२१, उत्तर प्रदेशातील मैनपुरी जिल्हा: सरकारी शाळेत दलित मुलांची जेवणाची भांडी वेगळी ठेवली जात आणि ती त्यांनाच धुवावी लागत. जुलै २०२२, राजस्थानातील जालोर जिल्हा: नऊ वर्षांच्या दलित मुलाला शिक्षकाने मारले, ऑगस्टमध्ये तो मुलगा गेला. शिक्षकांच्या मडक्यातले पाणी प्यायला म्हणून मारले, असा कुटुंबाचा आरोप. डिसेंबर २०२३, कर्नाटकातील कोलार जिल्हा: निवासी शाळेत दलित मुलांना मैल्याच्या टाकीत उतरवून साफसफाई करायला लावल्याचे उघड झाले. गोणपाट गेले आणि त्याच्या जागी ताट आले, मडके आले, टाकी आली.

ही प्रकरणे बातमी झाली म्हणून आपल्याला माहीत आहेत. पण बातमी न होणारी जात मुलांच्या मनावर जास्त काळ बसून राहते. वर्ग झाडायला आणि शौचालयाला पाणी टाकायला दरवेळी ठरावीक मुलांचीच नावे निघतात. कुणाचे दहा रुपये हरवले की पहिले दप्तर पारध्याच्या मुलाचे तपासले जाते. डबा खाताना एखादी मैत्रीण हलकेच सरकून बसते आणि कारण सांगत नाही. बाई आडनाव विचारतात, ऐकतात आणि “बरं बरं” म्हणतात. त्या ‘बरं बरं’चा अर्थ आठ वर्षांच्या मुलीलाही कळतो. तिला तो शब्दांत सांगता येत नाही, एवढेच.

मुलांना शब्दांत सांगता येत नाही ते त्यांचे शरीर सांगते. सोमवारी सकाळी पोट दुखते. शाळेत पाणी पिणे बंद होते, लघवीला जाणे बंद होते. उत्तर येत असूनही हात वर होत नाही. अक्षर बिघडते, झोपेत दचकणे सुरू होते, एरवी बडबड करणारे मूल गप्प होते किंवा कारण नसताना भावंडांना मारू लागते. कोणताही डॉक्टर सांगेल की ही मनावरच्या ताणाची लक्षणे आहेत. आपल्या मुलांच्या बाबतीत मात्र शिक्षक त्याचे निदान वेगळे करतात: “अभ्यासात लक्ष नाही”, “घरी वातावरण नाही”, “यांचं असंच असतं”. जे लक्षण म्हणून वाचायला हवे ते जातीचा स्वभाव म्हणून वाचले जाते. मग मूल शाळा सोडते आणि सरकारी कागदावर ‘गळती’ अशी नोंद होते. नळ गळतो तशी मुले आपोआप गळत नाहीत, त्यांना बाहेर ढकललेले असते.

तमिळनाडूतील नांगुनेरीची घटना यासाठी नीट लक्षात ठेवली पाहिजे. बारावीतला एक दलित मुलगा अचानक शाळेत यायचा बंद झाला. वर्गातली वरचढ जातीची मुले त्याला सतत त्रास देत होती. शाळेने विचारणा केल्यावर त्याने सगळे सांगितले. ऑगस्ट २०२३ मध्ये, तक्रार केली म्हणून, त्याच शाळेतली मुले रात्री कोयते घेऊन त्याच्या घरात घुसली. त्याला वाचवायला मध्ये पडलेल्या धाकट्या बहिणीवरही वार झाले. ज्या मुलांना आपण ‘काय झालं ते सांग’ असे म्हणतो, त्यांना सांगण्याची किंमत ठाऊक असते. म्हणून ती ‘काही नाही’ म्हणतात.

वय वाढते तशी चिंता बदलते. दहावीपर्यंत प्रश्न पाण्याचा आणि ताटाचा असतो; पुढे तो ‘लायकी’चा होतो. क्लासमधल्या गुणवत्ता यादीत नावापुढे प्रवर्ग छापलेला असतो. ‘कोट्यातून आला’ हे वाक्य सोळाव्या वर्षी पहिल्यांदा ऐकायला मिळते आणि नंतर ते पाठ सोडत नाही. आता तर ते खिशातल्या मोबाइलमधूनही येते. आरक्षणावरची हिणकस चित्रे आणि जातीच्या गौरवाच्या रील मुले दिवसातून किती वेळा पाहतात, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. मोबाइलचे दुष्परिणाम सांगणारी व्याख्याने डोळ्यांबद्दल आणि झोपेबद्दल बोलतात. पडद्यावरून रोज मिळणाऱ्या या जातीय अपमानाबद्दल ती अवाक्षर काढत नाहीत.

पंधरा-सोळाव्या वर्षी कुणीतरी आवडू लागते. इतर घरांत तो थट्टेचा विषय असतो, आपल्या घरांत तो जिवाचा असतो. नगर जिल्ह्यातील खर्डा येथे एप्रिल २०१४ मध्ये सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याची हत्या झाली; कारण, वरच्या जातीच्या मुलीशी बोलल्याचा संशय. २०१७ मध्ये साक्षीदार फितूर झाले आणि आरोपी निर्दोष सुटले. त्या निकालानंतर महाराष्ट्रातल्या किती आयांनी आपल्या मुलांना “कुणाशी बोलू नकोस” असे बजावले असेल? किशोरवय म्हणजे फुलण्याचे वय, असे मानसशास्त्राची पुस्तके सांगतात. आपली मुले या वयात अंग चोरायला शिकतात.

मुलींच्या वाट्याला हे दुप्पट येते. शाळा दुसऱ्या गावाला असेल तर वाटेवरच्या टवाळखोरांना त्यांची वस्ती माहीत असते, आणि तक्रार झाली तर पोलीस कुणाचे ऐकतील हेही माहीत असते. मराठवाड्यातल्या ऊसतोड कुटुंबांत दिवाळीनंतर आईबाप कारखान्यावर जातात. मागे राहिलेल्या मुलीची काळजी आणि जोडप्याला, म्हणजे ‘कोयत्या’ला, मिळणारी उचल या दोन्ही गोष्टी मिळून तिचे लग्न लवकर ठरवतात. तिच्या मनाचा विचार करणाऱ्या कोणत्याही योजनेला आधी तिच्या आईबापांच्या मजुरीचा विचार करावा लागेल.

पैशाची चिंता तर पाठ सोडतच नाही. शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही, वसतिगृहाची यादी सत्र अर्धे संपल्यावर लागते, जातपडताळणीसाठी आजोबांचा दाखला सापडत नाही. तेरा-चौदा वर्षांची मुले सेतू केंद्राच्या रांगेत उभी असतात. जून २०२० मध्ये केरळमध्ये ऑनलाइन वर्ग सुरू झाले, आणि पहिल्याच दिवशी मलप्पुरम जिल्ह्यातल्या चौदा वर्षांच्या दलित मुलीने जीव दिला. घरातला टीव्ही नादुरुस्त होता, स्मार्टफोन नव्हता, वडील मजूर. कोणत्याही आत्महत्येला एकच कारण नसते, हे खरे. पण सरकारने एक निर्णय घेताना कुणाचे घर डोळ्यांपुढे ठेवले होते, हा प्रश्न त्यामुळे पुसला जात नाही.

आता दुसऱ्या बाजूच्या मुलांबद्दल, कारण तीही मुलेच आहेत. नांगुनेरीत कोयता उचलणारे हात शाळकरी होते. तमिळनाडूच्या काही भागांत मुले मनगटावर आपल्या जातीच्या रंगाचे धागे बांधून शाळेत येतात. आपल्याकडे धाग्याऐवजी दुचाकीवरची अक्षरे असतात, स्टेटस असतात. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडातील चंपावत जिल्ह्यातल्या सुखीढांग येथे सवर्ण मुलांनी दलित भोजनमातेच्या हातचे जेवण नाकारले. सहावी ते आठवीतल्या मुलांना भाताची जात कुणी शिकवली? आईबापांनी. द्वेष घेऊन जगणारे मूल निरोगी असते काय? जे मूल दुसऱ्याला कमी लेखल्याशिवाय स्वतःला मोठे मानू शकत नाही, त्याच्याही मनाला आजार आहे, आणि तो त्याला वारशाने दिलेला आहे. समुपदेशनाची गरज त्यालाही आहे आणि त्याच्या आईबापांना तर आधी.

सुखीढांगची पुढची गोष्ट कमी सांगितली जाते. त्या भोजनमातेला काढून सवर्ण स्वयंपाकीण नेमल्यावर तिथल्या दलित मुलांनीही तिच्या हातचे जेवायला नकार दिला. दहा-बारा वर्षांच्या मुलांनी उपास काढला आणि प्रश्न परत फेकला. आपली मुले फक्त सोसत नाहीत. ती पाहतात, समजतात आणि वेळ आली की उत्तरही देतात. नांगुनेरीच्या त्या मुलाने जखमा घेऊन बारावीची परीक्षा दिली आणि सहाशेपैकी ४६९ गुण मिळवले. हे कौतुकाचे आहेच. पण मुलांनी शूर असावे म्हणून आपण त्यांना शूरपणाच्या प्रसंगात ढकलत राहायचे काय?

इथे आपल्याला स्वतःच्या घरातही डोकावले पाहिजे. आपल्या वस्त्यांत चौदा एप्रिलला अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. तो सुंदर आहे. शिक्षणाची भूक त्यातून दिसते. पण वर्षभर मुलाला ‘बाबासाहेब दिव्याखाली शिकले, तुला सगळं मिळतंय तरी गुण का नाहीत?’ असे ऐकवणे ही वेगळी गोष्ट आहे. घरातून पहिलाच कॉलेजात जाणारा मुलगा आईबापांचे कष्ट, भावंडांची लग्ने आणि समाजाचे नाव हे सगळे ओझे एकट्याच्या पाठीवर घेऊन जातो. नापास होण्याचा हक्क सवर्ण मुलाला असतो; त्याच्या मागे काकाचे दुकान असते, मामाची ओळख असते. आपल्या मुलाला एकदा पडण्याचीही मुभा नसते. निदान घरात तरी ती त्याला मिळाली पाहिजे.

दुसरे, आपण बोलत नाही. मूल दुखावेल म्हणून जात लपवतो, आडनाव बदलतो, ‘कुणी विचारलं तर सांगू नकोस’ म्हणतो. मग ज्या दिवशी त्याला कळते, त्या दिवशी ते एकटे असते आणि आपली काहीतरी चूक आहे असेच समजते. रोहित वेमुलाने आपल्या अखेरच्या पत्रात बालपणातल्या एकटेपणाचा उल्लेख केला होता. तो एकटेपणा विद्यापीठात जन्माला आलेला नव्हता. बाबासाहेबांनी मात्र आपल्या बालपणीचा अपमान लपवला नाही. देशाचे नेते झाल्यावरही १९३५-३६ च्या सुमारास त्यांनी सातारचे गोणपाट आणि मसूरची रात्र कागदावर उतरवली. त्यांच्याकडून अठरा तास अभ्यास जसा घ्यायचा, तसे हे सांगणेही घ्यायचे. दुखलेले सांगणे हा कमकुवतपणा असता तर बाबासाहेबांनी ते केले नसते.

त्यांच्याही आधी एका मुलीने हे केले होते. जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे यांनी १८५५ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षाच्या आसपास, मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. त्यात बाळंतपणात डोक्यावर छप्पर नसलेल्या बायांची काळजी आहे आणि आमचा धर्म कोणता, असा थेट प्रश्न आहे. किशोरवयीन मुलीच्या मनातल्या चिंतेचा यापेक्षा मोठा दस्तऐवज या भाषेत क्वचितच असेल. तो लिहिला गेला, कारण तिला विचारणारी, ऐकणारी आणि न हसणारी एक शाळा मिळाली होती.

तशी शाळा आज कशी होईल? काही गोष्टी लगेच करता येतील. नांगुनेरीनंतर तमिळनाडू सरकारने निवृत्त न्यायमूर्ती के. चंद्रू यांची एकसदस्य समिती नेमली. जून २०२४ मध्ये आलेल्या अहवालात हजेरीपटावर जातीची नोंद नको, वर्गात जातीवरून हाक नको, जात दाखवणारे धागे-टिळे नकोत, आणि शिष्यवृत्तीची माहिती वर्गात न पुकारता विद्यार्थ्याला वेगळे बोलावून द्यावी, अशा शिफारशी आहेत. या शेवटच्या शिफारशीला एक रुपयाही खर्च येत नाही. महाराष्ट्रासह प्रत्येक राज्याने तेवढे परिपत्रक उद्या काढले तरी लाखो मुलांचे ते एक मिनिट वाचेल.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा, असे त्यात आहे. ते जिल्हा परिषदेच्या शाळेपर्यंत, आश्रमशाळेपर्यंत आणि समाजकल्याणच्या वसतिगृहापर्यंत पोहोचले पाहिजे. आणि तो समुपदेशक जात ओळखणारा हवा. “तू जरा जास्तच मनाला लावून घेतोस,” असे म्हणणारा माणूस खुर्चीत बसवला तर तो दुसरा घाव असेल. दलित, आदिवासी, भटके-विमुक्त आणि मुस्लिम समाजातले तरुण या कामात यायला हवेत. शिक्षकांच्या प्रशिक्षणात जातिभेद हा विषय सक्तीचा हवा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. जातीवरून केलेला अपमान हा मानसिक छळ आहे, हे प्रत्येक मुख्याध्यापकाला लेखी कळवले पाहिजे. तक्रारीची व्यवस्था शाळेबाहेरची हवी. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच टेबलावर ती ठेवायची असेल, तर नऊ वर्षांचे मूल ती कधीच करणार नाही. आणि विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या नोंदीत सामाजिक प्रवर्गाचा तक्ता आलाच पाहिजे. जे मोजले जात नाही त्यासाठी पैसा खर्च होत नाही.

सरकारची वाट न पाहता आपणही काही करू शकतो. प्रत्येक बुद्धविहारात, समाजमंदिरात, अभ्यासिकेत आठवड्यातून एक तास असा ठेवा की ज्यात गुण, स्पर्धा परीक्षा, भाषणे काही नसेल. मुले बोलतील आणि मोठी माणसे ऐकतील. आपल्यातले शिक्षक, परिचारिका, सामाजिक कार्य शिकलेली मुले-मुली ते चालवू शकतील. मूल फारच खचलेले दिसले, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागले, तर त्याला एकटे सोडू नका, लाज वाटू देऊ नका. टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि मुलांसाठी १०९८ आहे. हे दोन्ही क्रमांक विहाराच्या भिंतीवर, बाबासाहेबांच्या प्रतिमेखाली, मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

आणि आज संध्याकाळी मूल घरी येईल तेव्हा “किती गुण मिळाले?” हा प्रश्न थोडा मागे ठेवा. “आज कुणी काही बोललं का?” असे विचारा. ते “काही नाही” म्हणेल. तिथून उठू नका. तुमच्या शाळेत तुम्हाला कुणी काय म्हटले होते, ते आधी तुम्ही सांगा.

जय भीम! जय ज्योती! जय सावित्री!